तिन्ही लाईनींना एकदम पाणी

गव्हाळी नगरात नळाला रोज पाणी यावे, असा ठराव गेल्या वार्षिक सभेत मांडला गेला आणि त्याच्या विरोधात एकच हात वर झाला. तो माझा होता. त्यानंतर रिसोडच्या चहाच्या टपऱ्यांवर माझी जी चेष्टा झाली ती माझ्या कानांपर्यंत पोचली आहे. "अध्यक्षपद गेलं तवापासून म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं," असे एक जण म्हणाला. "पाणी रोज आलं तर याले पुन्हा भोंग्यावर बोलाले भेटत नाही ना, म्हणून," असे दुसरा म्हणाला. या अंकाच्या संपादकांनी मला पत्र पाठवून कॉलनीच्या कारभारातले 'गमतीदार अनुभव' मागितले, तेव्हा त्यांच्याही मनात हीच गंमत असावी. मी लिहितो आहे, पण त्यांनी मागितले ते नव्हे. त्या एका हातामागे एका दुपारची हकिकत आहे. ती गावात तीन प्रकारे सांगितली जाते आणि तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. मी तिथे होतो. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण पळाले होते. कुठे आणि कशासाठी, ते पुढे येईलच.

आधी गव्हाळी नगर म्हणजे काय ते सांगतो. रिसोडहून केनवडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून गव्हाचे एक मोठे वावर होते. त्याचे प्लॉट पडले आणि वावराचे नाव कॉलनीला राहिले. आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी इथे घरे बांधली. मास्तर, कंडक्टर, तलाठी, परिचारिका अशा नोकरदारांनी निवृत्तीसाठी बांधली. कॉलनी नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर असल्यामुळे दिवे, नाल्या, पाणी हे सगळे प्लॉटधारकांच्या संस्थेने बघायचे आणि संस्थेचे सगळे अध्यक्षाने बघायचे. बाहेरच्याला वाटते, अध्यक्ष म्हणजे खुर्ची, हार आणि पंधरा ऑगस्टचा झेंडा. प्रत्यक्षात अध्यक्ष म्हणजे ज्याच्या दारात माणूस चप्पल न काढता येऊन भांडू शकतो, असा गृहस्थ. शेजाऱ्याची म्हैस खुल्या जागेत बांधलेली असते, कोणाच्या कंपाउंडची भिंत रस्त्यात वीतभर सरकलेली असते, कोणाच्या कडुनिंबाचा पाला दुसऱ्याच्या गच्चीवर पडत असतो. यांतल्या प्रत्येकाने मला कधी ना कधी "पाहून घेईन" असे सांगितले आहे. त्याची भीती मला कधी वाटली नाही. मोठ्याने भांडणारा माणूस मोजूनमापून भांडतो, असा माझा अनुभव होता. तो पुढे अपुरा ठरला.

या कारभाराचा जीव म्हणजे पाणी. वावरातली जुनी विहीर आम्ही राखून ठेवली. तिच्यावरच्या मोटरीने खुल्या जागेतली उंच टाकी भरायची आणि टाकीतून तीन गल्ल्यांच्या तीन लाईनींना पाळीपाळीने पाणी सोडायचे. उन्हाळ्यात विहिरीला झरे कमी. टाकी भरायला चार दिवस लागत, आणि एकेका लाईनीची पाळी दहा-बारा दिवसांनी येई. टाकीच्या खाली दोन खोल्या होत्या: एक संस्थेचे कार्यालय, दुसरी मोटर आणि व्हॉल्व्हची पंपखोली. मधे दार होते. व्हॉल्व्ह उघडणारा माणूस दशरथ. आणि टाकीवर चार दिशांना तोंडे केलेले चार भोंगे.

भोंगे मी बसवले, आणि त्यांच्याबाबत मी कोणाचेही ऐकले नाही. माझी नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाची. आयुष्यभर मी माईकवर बोललो. त्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली: गाडी उशिरा येणार असेल तर उशिरा येणार असे सांगा, लोक शिव्या देतील आणि थांबतील; पण न आलेली गाडी आली म्हणून एकदा जरी सांगितलीत, तर त्या माईकला पुन्हा कोणी विचारत नाही. म्हणून गव्हाळी नगराच्या भोंग्यावर पाण्याखेरीज काहीही पुकारले जाणार नाही, असा नियम मी केला. वाढदिवस नाही, भागवत नाही, हरवलेली म्हैस नाही, निवडणूक तर नाहीच. सुमनताई वानखडे यांचे यजमान वारले, ते माझे स्नेही होते. अंत्ययात्रेची वेळ भोंग्यावर सांगावी असे यजमानांच्या भावाने मला सांगितले, तेव्हाही मी नकार दिला आणि स्वतः घरोघरी जाऊन निरोप दिला. त्या भावाने माझ्याशी बोलणे सोडले. ताई मात्र एवढेच म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. तुमचा भोंगा पाण्याचाच बरा." ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. तालुक्यातली निम्मी तरुण माणसे त्यांच्या हातांवर जन्मली.

परिणाम असा झाला की भोंगा खरखरला की हातातली भाकर ताटात टाकून माणसे उठत. गव्हाळी नगरात म्हणच पडली होती की, पंचांग चुकेल पण भोंगा चुकणार नाही. तो माझा अभिमान होता, आणि आजही आहे. पण लोकांनी ज्याच्यावर इतका विश्वास टाकलेला असतो, ते साधन भलत्याच्या हाती पडले म्हणजे काय होते, याचा विचार मी केला नव्हता.

होळी होऊन गेली होती, हरभरा निघाला होता, आणि पोरे पळवणाऱ्या टोळीची आवई उठली होती. ती कुठून आली हे मला आजपर्यंत कोणी सांगू शकलेले नाही. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तोच एक व्हिडिओ होता. त्यातले गाव कोणते, भाषा कोणती, हे कोणाला ठाऊक नव्हते. कोणी म्हणे टोळी कामरगावपर्यंत आली, कोणी म्हणे किन्हीराजाच्या बाजाराला दिसली. आपल्या डोळ्यांनी पाहिलेला एकही माणूस भेटत नव्हता. ज्याच्या साडूने पाहिले असे मात्र पुष्कळ होते. आया मुलांना शाळेत सोडायला जात आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसून राहत. संध्याकाळी खुल्या जागेत जो गलका असे, तो एकदम थांबला. मुलांचा आवाज बंद झालेली वस्ती कशी असते ते ज्याने ऐकले नाही, त्याला मी ते सांगू शकणार नाही. दारांच्या मागे काठ्या उभ्या राहिल्या. माझी नात माझ्याकडे राहते. मी, जो ही आवई थोतांड आहे असे सगळ्यांना ठणकावत होतो, तिला अंगणात जाऊ देत नव्हतो. भीतीला पटवून देता येत नाही, ती अंगात शिरते. माझ्याही शिरली होती.

संस्थेचे सचिव प्रवीण, यांचे बाजारात बी-बियाणांचे दुकान आहे, ते माझ्याकडे आले.

"काका, भोंग्यावरून एकडाव सूचना देऊन टाका ना. लोकं सावध राह्यतीन."

"कशाविषयी सावध? तुम्ही कोणाला पाहिले आहे काय?"

"पाह्यलं नाही, पण सारा जिल्हा म्हणून राह्यला."

"सारा जिल्हा म्हणतो तर त्याला माझ्या भोंग्याची गरज नाही," मी म्हणालो, आणि विषय संपला असे समजलो.

त्यानंतर मी अकोल्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गेलो. डोळ्यावर काळा चष्मा घेऊन परतलो तो गल्लीत शिरतानाच बायका दारात उभ्या. एकीने मला सांगितले, "काका, खरं हाय ते. काल भोंग्यावर सांगितलं." मी जागीच थांबलो. प्रवीण यांनी दशरथकडून कार्यालयाची किल्ली घेतली होती. 'अनोळखी इसम दिसल्यास जाऊ देऊ नये', असे ते माईकवर बोलले होते. शब्द सभ्यच होते. प्रवीण आजही तेच सांगतात की मी फक्त सावध राहा म्हणालो. मी त्यांना तेव्हा सांगितले आणि इथे पुन्हा लिहितो: व्हिडिओवर लोक निम्मा विश्वास ठेवत होते. उरलेला निम्मा त्या दिवशी आमच्या भोंग्याने दिला.

आमच्या भागात पीक घरी आले की बहुरूपी येतात. जुने लोक त्यांना रायरंद म्हणतात. एक म्हातारा बहुरूपी दरसाल गव्हाळी नगरात यायचा. खाकी गणवेश, लाकडी पिस्तूल, गळ्यात शिट्टी, काजळाच्या मिशा. त्याचे सोंग ठरलेले. दारावर काठी आपटून तो ओरडायचा, "दार उघड बाई, वारंट हाय! तुह्या पोट्ट्याले पकडाले आलो! शाळेत जात नाही म्हणते. कुठी लपवलं? आज घेऊनच जातो त्याले!" यावर आईने पोराला पुढे ढकलून म्हणायचे, "न्या हवालदार, न्याच! लय तरास देते." पोर किंचाळत घरात पळायचे, सगळे हसायचे, आणि हवालदार सूपभर गव्हाची लाच घेऊन आरोपीला सोडून द्यायचा. वर्षानुवर्षे हा विनोद चालत आला. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

अकोल्याहून परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी तो आला. सोबत त्याची बायको, आणि तिच्या कडेवर दोन-अडीच वर्षांची नात. मागच्या गल्लीतल्या नव्या घरापुढे त्याने काठी आपटली. त्या घरातली सून शहरात वाढलेली. तिने बहुरूपी कधी पाहिला नव्हता. तिने पाहिला तो फाटक्या खाकी कपड्यातला एक रंगवलेला माणूस, आणि ऐकले ते एवढेच: तुह्या पोट्ट्याले घेऊन जातो.

तिच्या किंकाळीला मी हसणार नाही. आई होती ती. मला विचारायचे आहे ते बाकीच्यांना.

मी कार्यालयात बसलो होतो. आधी दूर कुठेतरी आरडाओरडा, मग पायांचा आवाज. पळणाऱ्या गर्दीच्या पायांचा आवाज पावसाच्या सरीसारखा सगळीकडून येतो. कोणत्या बाजूने येतो ते कळत नाही. दारात म्हातारा हवालदार येऊन आदळला. टोपी पडली होती, मिशीचे काजळ घामाने गळ्यापर्यंत ओघळले होते. मागोमाग पोरीला छातीशी धरून त्याची बायको. दशरथ दरसाल त्याला टाकीखाली पाणी पाजायचा. पळताना त्याला तेवढीच एक ओळखीची जागा आठवली.

"मालक, मी सोंगाड्या हावो. मले ओळखते ना तुमी? ओळखते ना?"

मी त्या तिघांना पंपखोलीत ढकलले, खोलीच्या बाहेरच्या लोखंडी दाराला आतून अडसर घालायला दशरथला सांगितले, आणि कार्यालयाच्या उंबऱ्यात उभा राहिलो.

गावातली पहिली हकिकत अशी की अध्यक्ष थरथरत होते. ही खरी आहे; चूक एवढीच की ती माझी फजिती म्हणून सांगितली जाते. मी थरथरत होतो. समोर जे उभे होते ते पाहून ज्याला कापरे भरले नसते, त्याला मी शूर म्हणणार नाही, अडाणी म्हणेन. काळ्या चष्म्यातून मला चेहरे दिसत नव्हते; उन्हात नुसती एक काळी रांग हलत होती. आवाजांवरून मात्र एकेक जण कळत होता, आणि तीच खरी भीती होती. अनोळखी एकही नव्हता. हा ज्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगत वाढली तो. हा ज्याच्या नालीसाठी मी तहसिलीत खेटे घातले तो. आणि सगळ्यांत पुढे सुधाकर.

सुधाकर हा गव्हाळी नगरातला सर्वांत भला माणूस, असे मी तेव्हाही म्हणत होतो. मास्तर आहे. कोणाकडे मयत झाले तर सर्वांआधी पोचतो. 'येतो' म्हणाला की येतो. त्याच्या शब्दावर लग्नाच्या तिथी ठरतात. मला अकोल्याला दवाखान्यात त्यानेच पोचवले होते. त्याच्या हातात पोरांची क्रिकेटची बॅट होती.

"काका, बाजूले व्हा," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता.

"सुधाकर, हा दरसाल येणारा बहुरूपी आहे. तुझ्या दारातून याने गहू नेला आहे."

"तो हा नाही."

"तोच आहे. मी बोललो आहे त्याच्याशी."

मागून कोणीतरी ओरडले, "काका, तुमच्या डोयाचं ऑपरेशन झालं, तुमाले काय दिसते? त्या बहुरूप्याचं सोंग घेऊन आलेला हाय हा!"

बहुरूप्याचे सोंग घेतलेला चोर! आज हे लिहिताना हसू येते. त्या वेळी त्या वाक्यावर पन्नास माणसांनी हुंकार भरला, आणि मला कळले की आता कोणताही पुरावा पुरणार नाही. जे जे मी सांगेन ते सोंगच ठरेल.

इतक्यात आत पोरगी रडू लागली.

"ऐका! पोट्टी रडून राह्यली! कोनाची हाय ते पोट्टी? तिची असती तर रडली असती काय?"

या प्रश्नाला मनुष्यजातीत उत्तर नाही. पहिला दगड टाकीच्या खांबाला लागला. दुसरा माझ्या कानाजवळून जाऊन आतल्या कपाटावर आदळला. तेव्हा गर्दीतून वाट काढत सुमनताई आल्या. त्यांनी मला काही विचारले नाही. पदर खोचला आणि माझ्या शेजारी उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"काहून रे, गोटे मारता? मार मले," त्या पुढच्या रांगेकडे बोट करून म्हणाल्या. "तुही नाळ मी कापली. तुहीबी. अन् तू रे, पायाळू होता तू, रातभर मी तुह्या मायजवळ बसली. मार ना! कोन मारते पाह्यतो मी."

पुढची रांग थबकली. पण गर्दीची पुढची रांग थबकली तरी मागची थबकत नाही. मागच्यांना ताई दिसत नव्हत्या. पंपखोलीच्या लोखंडी दारावर कोणीतरी काही जड आपटू लागले. ताई माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी ठाण्यात फोन केला. गाडी दुसरीकडं गेली म्हन्ते. टाइम लागन." मग लोखंडी दाराकडे पाहून, "हे दार टिकते काय?"

टिकणार नव्हते. मी बसवले होते. मला माहीत होते.

यानंतर मी जे केले त्याविषयी गावात दुसरी हकिकत आहे, की अध्यक्ष आत पळून गेले. होय, मी आत गेलो. उंबऱ्यात ताईंना एकट्या ठेवून गेलो, आणि ती चार पावले मला अजून स्वप्नात दिसतात. पण पळून गेलो नाही. कार्यालयातून पंपखोलीचे मधले दार उघडले. बहुरूपी भिंतीला पाठ लावून बसला होता आणि गणवेशाची बटणे काढायची धडपड करत होता. बोटांना ती सापडत नव्हती. त्याच्या बायकोने पोरीच्या तोंडावर हात दाबून धरला होता. इतका घट्ट, की तो हात मला आधी सोडवावा लागला.

"दशरथ, टाकी किती आहे?"

"भरेल हाय साहेब. उद्या पयल्या लाईनीची पाळी हाय ना."

"तिन्ही लाईनी खोल."

"तिन्ही? येकदम? साहेब, टाकी खाली होईन. चार रोज बोंब होईन कॉलनीत."

"होऊ दे. खोल."

या धंद्यातले एक मर्म इथे सांगितले पाहिजे. एक लाईन सोडली तर त्या गल्लीला जोराने पाणी जाते. तोटी सोडून बाई भांडी घासू शकते. तिन्ही एकदम सोडल्या की जोर मरतो, पाणी करंगळीएवढे होते. मग ज्याने आधी टुल्लू पंप लावून ओढले त्याला मिळते, उरलेल्यांना हवा. नळाला मोटर लावायला आमच्या संस्थेत बंदी होती. तिच्यापायी मी निम्म्या कॉलनीशी वैर घेतले. प्रत्येक घरात पलंगाखाली टुल्लू आहे हे मला माहीत होते. तो जड असतो. तो काढायला पुरुष लागतो.

मी माईक सुरू केला. आवाज फुटेल अशी भीती होती. पण माईक समोर आला आणि नोकरीतला घसा आपोआप जागा झाला.

"गव्हाळी नगरातील नागरिकांनी लक्ष द्यावे. तिन्ही लाईनींना एकाच वेळी पाणी सोडण्यात आले आहे. टाकीतील साठा संपेपर्यंतच पाणी राहील. यानंतर चार दिवस पाणी मिळणार नाही. नागरिकांनी ताबडतोब पाणी भरून घ्यावे."

मी दोनदा बोललो. काही जण म्हणतात की मी भोंग्यावर खोटे बोललो, आणि ही तिसरी हकिकत मला सर्वांत जास्त झोंबते. त्यातला एक तरी शब्द खोटा होता का, ते दाखवावे. पाणी सोडले होते. साठा संपेपर्यंतच राहणार होते. चार दिवस मिळाले नाही. माझा भोंगा त्या दिवशीही खरेच बोलला.

लोखंडी दारावरचे घाव थांबले. मग कुठल्याशा गच्चीवरून एका बाईची हाक आली, लांबलचक, त्रासलेली, रोजच्यासारखी:

"अवो, ऐकता काय? पानी आलं! मोटर लावा, मोटर! तिन्ही लाईनी सोडल्या म्हन्ते!"

मग दुसरी. मग पोरांच्या हाका, "बाबा, पानी!" आणि ती काळी रांग कडांनी विरघळू लागली. मी पुन्हा उंबऱ्यात येऊन डोळे फाडून पाहत होतो. कोणाची मान खाली नव्हती. कोणी ओशाळले नव्हते. ते फक्त घाईत होते. ज्यांना माझे शब्द, ताईंचे उपकार आणि पोरीचे रडणे हलवू शकले नाही, ते बादलीच्या ओढीने घराकडे पळत होते. सुधाकर सर्वांत शेवटी निघाला. त्याने बॅट कार्यालयाच्या भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि मला म्हणाला, "येतो काका. दोन ड्रम भरून येतो."

थोड्याच वेळात साऱ्या कॉलनीतून टुल्लूंची घरघर सुरू झाली. आयुष्यात प्रथमच तो आवाज मला गोड वाटला.

पण ती घरघर म्हणजे आमचे घड्याळच होते. ड्रम भरले की ते परत येणार होते. ताई उंबऱ्यात बसल्या, रस्त्याकडे डोळे लावून. मी टाकीच्या मुख्य नळावर हात ठेवून उभा होतो. भरल्या टाकीचा नळ हाताला गार आणि जड लागतो. पाणी उतरू लागले की तो आतून थरथरतो. पोरगी झोपून गेली होती. लेकरे भीतीने थकली की झोपतात. नळ थरथरू लागला, मग त्यातून हवा ओढल्याचा आवाज येऊ लागला, घुटके घेतल्यासारखा. एकेक टुल्लू बंद पडत गेला. शांतता इतकी भयंकर असू शकते हे मला ठाऊक नव्हते. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी बोलत येत होते.

त्याच वेळी ठाण्याची गाडी वळली.

म्हाताऱ्याला ती गाडी दिसली तेव्हा तो आधीपेक्षा जास्त घाबरला. "साहेब, खरे पोलीस! हे कपडे पाह्यले तर मले आत टाकतीन." ताई धावत घरी गेल्या आणि आपल्या यजमानांचा सदरा घेऊन आल्या. तो अंगात घालून, मिशी तशीच पुसट उरलेली, तो गाडीत बसला. बायकोने जाताना माझ्याकडे पाहिले नाही. तिने का पाहावे? त्या कॉलनीचा मीही एक रहिवासीच होतो.

गाडी गेली आणि सुधाकर आला. शब्दाचा पक्का. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. त्याने उघड्या पंपखोलीत डोकावून पाहिले, भिंतीची बॅट उचलली आणि विचारले, "काका, डोयात थेंब टाकले काय दुपारचे? नाही ना? बसा, मी टाकून देतो." आणि त्याने टाकले. हात हलका आहे त्याचा. माझी मान त्याच्या हातात होती, आणि मी श्वास रोखून बसलो होतो.

प्रवीण आता अध्यक्ष आहेत. जमाव आपण समजावून परत पाठवला, असे ते सांगतात. मी त्यांच्या टुल्लूचा आवाज ओळखतो, एवढेच नमूद करतो. भोंगे बंद झाले, सूचना मोबाईलवर येतात. बहुरूपी पुन्हा आले नाहीत. त्या दुपारी आपण कुठे उभे होतो आणि हातात काय होते, याविषयी मात्र कोणी बोलत नाही. मला एक विचार रोज येतो. टाकी भरलेली होती, कारण पाळी दुसऱ्या दिवशी होती. ते तिघे दोन दिवस उशिरा आले असते, तर टाकी कोरडी असती.

आणि आता सरकारी नळयोजनेचे पाणी येणार. नळाला, रोज, जोराने. सभेआधी मी सुमनताईंना सांगितले की मी विरोध करणार.

"भाऊ, तुमी भेले. मीबी भेली. अजून भेतो," त्या म्हणाल्या. "पन तुमच्या भेवापायी बायांनी आनखी किती साल ड्रम भरा?"

ताईंचे बरोबर आहे. तरीही सभेत 'विरोधात कोण' असे विचारले गेले तेव्हा मी हात वर केला. हशा पिकला. शेजारी सुधाकर बसला होता. त्याने माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"काहून काका? चांगलंच हाय ना. आता पान्यासाठी कोनाले हातातलं काम टाकून घराकडं पळा लागनार नाही."

मी हात खाली घेतला नाही.